जुनी शिकारी रायफल घेताना: आधी कागद, मग नळी, शेवटी किंमत

आपल्याकडे जुनी शिकारी रायफल बाजारात येत नाही, ती घरातून बाहेर पडते. आजोबा गेलेले असतात, वाडा विकायला काढलेला असतो, मुलं पुण्यात किंवा परदेशात असतात, परवान्याचं नूतनीकरण करायला मागे कुणी उरलेलं नसतं. मग कधीतरी कपाटामागची चामडी पेटी उघडली जाते. डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतील असं ठरलं. वारसाहक्काने आलेल्या बंदुकाही याच दोनांत मोजल्या जातात. ज्या घरांत तीन होत्या, तिथे तिसरीचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला, आणि एरवी कधी दिसल्या नसत्या अशा रायफली लोकांसमोर आल्या.

यात रिगबी, हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स, जेफरी अशी इंग्लंडच्या बंदूक-घराण्यांची नावं असतात. ऑस्ट्रियाची मॅनलिखर-शोनावर असते, बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स कंपनीची साधी .३१५ असते. शिकारीचा विषय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपला, आणि संपला ते योग्यच झालं. आज अशी रायफल घ्यायची ती तिच्या कारागिरीसाठी आणि इतिहासासाठी. चालवायची झाली तर परवानगी असलेल्या रेंजवर, तीही तपासून घेतल्यावरच.

पुढे जे लिहिलंय त्याचं सगळं सार एवढंच आहे, की जिला कुणी हात लावला नाही तिला किंमत असते. कागदावर खाडाखोड नको, लोखंडावर पॉलिश नको, लाकडावर सँडपेपर नको. ही नजर तयार व्हायला मला बराच वेळ लागला आणि एक मोठं नुकसान सोसावं लागलं. ते पुढे सांगतो.

सुरुवात स्वतःच्या परवान्यापासून

रायफल पाहायला जाण्याआधी स्वतःचा परवाना काढून नीट वाचा. त्यावर जागा रिकामी आहे का? कोणत्या प्रकारचं शस्त्र घेण्याची परवानगी आहे? मुदत किती उरली आहे? परवाना देणारे अधिकारी जिल्ह्यात जिल्हाधिकारी असतात आणि पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त. बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचं माप, .३१५ सारखे आकडे ते इंचांत सांगतात. प्रतिबंधित बोअरचा विषय केंद्रीय गृह मंत्रालयापर्यंत जातो. .३०३ ही त्या वर्गातली, कारण ती लष्कराची. नागरिकांसाठी .३१५ इतकी पसरली ती याच कारणाने.

“शंभर वर्षं झाली, अँटिक आहे, परवाना लागत नाही,” असं सांगणारा तुम्हाला भेटणारच. त्याच्यावर विसंबू नका. कायद्याच्या कक्षेतून सुटतं ते असं जुनं शस्त्र, जे दुरुस्त करूनसुद्धा बंदूक म्हणून वापरता येत नाही. अँटिक आणि क्युरिओ अशा वर्गांसाठी वेगळे नियम आहेत. समोरची रायफल त्यांत बसते की नाही, हे परवाना अधिकाऱ्याकडून लेखी घ्यायचं. तोंडी उत्तराला काही किंमत नाही.

विकणाऱ्याचे कागद

मूळ परवाना, त्यावरची शस्त्राची नोंद आणि युआयएन म्हणजे परवानाधारकाचा विशिष्ट ओळख क्रमांक, हे तिन्ही डोळ्यांनी पाहा. मोबाइलवरचा फोटो चालणार नाही. मूळ मालक हयात नसेल तर रायफल आज कायदेशीररीत्या कुणाच्या नावावर आहे, हा पहिला प्रश्न. वारसाने आधी स्वतःच्या नावावर परवाना करून घ्यायला हवा, नाहीतर शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा असायला हवं. वडिलांच्या परवान्यावर मुलगा रायफल विकू शकत नाही. कुटुंबातला कुणी “आमचीच आहे हो, घेऊन जा” म्हणाला तर चहा प्या आणि रिकाम्या हाताने परत या.

दोन खासगी व्यक्तींमधल्या व्यवहारात विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं असतं, घेणाऱ्याचं नाव-पत्ता द्यायचा असतो, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावं लागतं. पोच घेतलेल्या अर्जाची प्रत स्वतःजवळ ठेवा. दुसऱ्या जिल्ह्यातली रायफल असेल तर तिथल्या परवाना कार्यालयाची परवानगी आणि ने-आण करण्याचा कागद हातात आल्याशिवाय ती गाडीत ठेवू नका.

आता नंबर. परवान्यातला अनुक्रमांक आणि नळीवरचा, अ‍ॅक्शनवरचा क्रमांक अक्षरशः एकेक आकडा वाचून जुळवा. अ‍ॅक्शन म्हणजे नळीमागची, काडतूस बंद करून बार उडवणारी यंत्रणा. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला की व्यवहार तिथेच थांबवायचा. ओळखचिन्ह नसलेलं शस्त्र बाळगणं हाच गुन्हा आहे. याउलट बोअरच्या नोंदीतली चूक बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. .२७५ रिगबी आणि ७ × ५७ माउझर हे एकच काडतूस. त्यामुळे नळीवर एक आणि परवान्यात दुसरं असं खूपदा आढळतं. ती नोंद विकणाऱ्याच्या नावावर असतानाच दुरुस्त करून घ्या, म्हणजे नंतर तुम्हाला हेलपाटे पडणार नाहीत.

नळीवरचं नाव आणि खरा कारागीर

नळीवर कलकत्त्याच्या मँटनचं किंवा रॉडाचं नाव असतं आणि घरचे म्हणतात, “कलकत्त्याची बनावट.” ही मोठी दुकानं होती. इंग्लंडहून, पुष्कळदा बर्मिंगहॅमच्या कारखान्यांतून, तयार माल मागवून त्यावर आपलं नाव कोरून विकायची. त्यात वाईट काही नाही, माल उत्तम असायचा. पण लंडनच्या नावाजलेल्या घराण्याची किंमत त्याला लावायची नाही.

खरी जन्मपत्रिका असते नळीच्या बुडाला. दुनळी असेल तर नळ्या उतरवा आणि खालच्या सपाट भागावर भिंगातून पाहा. लंडनच्या किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे, म्हणजे नळ्या जादा दाबाने तपासणाऱ्या संस्थेचे, शिक्के तिथे असतात. शेजारी रायफल कोणत्या भारासाठी तपासली तेही ठोकलेलं असतं. .४७० च्या नळीवर कॉर्डाइट (बिनधुराची दारू) ७५ आणि गोळी ५०० असे आकडे सापडतात, दोन्ही ग्रेन या वजनाच्या मापात. हे आकडे जिवाशी संबंधित आहेत. १८७० आणि ८० च्या दशकांतल्या एक्सप्रेस रायफली काळ्या दारूसाठी बनल्या, त्यानंतरच्या नायट्रो एक्सप्रेस कॉर्डाइटसाठी. बोअर सारखा दिसतो, काडतूस बसतंही, पण काळ्या दारूच्या नळीत नायट्रोचा दाब गेला तर नळी फुटू शकते. शिक्का स्पष्ट वाचता आला नाही तर ती रायफल फक्त भिंतीवर ठेवण्यासाठी आहे असं धरून चाला.

बर्मिंगहॅमच्या शिक्क्यांत १९२१ पासून वर्ष सांगणारी अक्षरं येतात. इंग्लंडची मोठी घराणी आपल्या जुन्या वह्या जपून आहेत. रिगबी, हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स यांना अनुक्रमांक कळवून शुल्क भरलं की कोणत्या साली, कोणत्या बोअरमध्ये, कुणासाठी रायफल बनली याचा उतारा मिळतो. मी हा उतारा सौदा करण्याआधी मागवतो. वहीत .३७५ लिहिलंय आणि हातात .४०४ आहे, तर नळी कधीतरी बदलली गेली आहे.

बोअर आणि १९०७

हा भाग मला सर्वांत प्रिय आहे, आणि भारतातल्या दुनळींची किंमत समजायला तो लागतोच. १८९८ मध्ये रिगबीने .४५० नायट्रो एक्सप्रेस आणली आणि मोठ्या जनावरांच्या रायफलीचं मापच ठरून गेलं. पण हिंदुस्थानातल्या मार्टिनी-हेन्री या जुन्या लष्करी रायफलींचा बोअरही .४५०. त्या बोअरची गोळी बंडखोरांच्या हाती पडू नये म्हणून इंग्रज सरकारने हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० ची आयात बंद केली. बंदूकवाल्यांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक इथेच होतं. मग प्रत्येकाने बंदीतून निसटणारं, पण ताकद तीच असणारं आपापलं काडतूस काढलं. १९०७ च्या आगेमागे हॉलंडचं .४६५, जोसेफ लँगचं .४७०, जेफरीचं .४७५ नंबर दोन अशी रांगच लागली. जगभरचे संग्राहक आज ज्या .४७० साठी जीव टाकतात, ती आपल्या देशातल्या एका सरकारी हुकुमामुळे जन्मली.

नावं वाचायला शिका. .४५०/.४०० म्हणजे .४५० चं काडतूस तोंडाशी आवळून .४०० ची गोळी बसवलेलं. .५००/.४६५ तसंच. .३७५ हॉलंड १९१२ ची. तिच्यात दोन प्रकार आहेत. मॅगझिन रायफलीसाठी, म्हणजे पोटात काडतुसं साठवणाऱ्या एकनळीसाठी, पट्टा असलेलं, म्हणजे बेल्टेड काडतूस, आणि दुनळीसाठी कडा असलेलं, म्हणजे फ्लँज्ड. परवान्यात नुसतं “.३७५” लिहिलेलं असतं. तुमच्याकडची कोणती हे कळलं नाही तर चुकीची काडतुसं घेऊन बसाल.

काडतूस मिळतं का, हा प्रश्न किंमत ठरवताना फार वजन टाकतो. .३१५ ची काडतुसं आपल्याच आयुध निर्माण्यांत बनतात. .४७० किंवा .३१८ वेस्टली रिचर्ड्सची मिळणं भाग्याचं. जुन्या डब्यांतली, हिरवी बुरशी आलेली काडतुसं कुणी रायफलीबरोबर फुकट देत असेल तर घेऊ नका. त्यांचा भरवसा नाही आणि ती परवान्यावर मोजली जातात.

रायफल हातात घेतल्यावर

पहिलं काम, ती रिकामी आहे याची स्वतः खात्री करणं. बोल्ट मागे ओढा, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी, बोट घालून पाहा. विकणाऱ्याने आत्ताच दाखवलं असलं तरी पुन्हा पाहा. रिकामा चाप ओढू नका. जुन्या दुनळीच्या फायरिंग पिन नाजूक असतात, डमी काडतूस घालूनच चाप तपासायचा.

दुनळी असेल तर ही कसोटी मी प्रत्येक वेळी करतो. नळ्या उतरवून त्यांच्या खालच्या हुकात एक बोट अडकवायचं, त्या लोंबत्या धरायच्या, आणि दुसऱ्या हाताच्या बोटाच्या पेराने हलकेच टकटक करायचं. देवघरातल्या घंटेसारखा स्वच्छ, लांबणारा नाद आला तर दोन्ही नळ्यांमधली पट्टी डाखाने नीट धरलेली आहे. भांड्याला चीर गेल्यावर येतो तसा बद्द, खरखरणारा आवाज आला तर कुठेतरी डाख सुटला आहे. दुनळीच्या दोन्ही नळ्या ठरावीक अंतरावर एकाच ठिकाणी गोळी टाकतील अशा जुळवलेल्या असतात. ते काम एखाद्या कारागिराचं आठवड्यांचं असतं. पट्टी सुटली की ती जुळवणी गेली, आणि आपल्याकडे ती पुन्हा करून देणारा मला अजून भेटलेला नाही.

नंतर नळ्या परत चढवा, पुढचं लाकूड न बसवता, आणि हलवून पाहा. खुटखुट वाटली, किंवा उजेडाकडे धरल्यावर नळ्या आणि अ‍ॅक्शन यांच्या मधून प्रकाशाची रेघ दिसली, तर सांधा झिजलाय.

नळीच्या आत मागच्या बाजूने पाहा. जुन्या काडतुसांच्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार उडाला की त्याचं मीठ नळीत उरायचं, आणि कोकणच्या हवेत त्याच रात्री गंज धरायला सुरुवात व्हायची. म्हणून आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणारे नळीतले वळसे, उत्तम असूनही त्यांमधल्या सरींच्या तळाशी मिरीसारखे काळे खड्डे दिसतात. हलके असतील तर मी ते सोडून देतो. चेंबरच्या लगेच पुढे खरवडल्यासारखं दिसलं तर ती कॉर्डाइटची झीज, रायफल पुष्कळ चालली आहे. तोंडाशीच आटे पुसट झाले असतील तर कुणीतरी वर्षानुवर्षं वाकडी सळई घालून साफ केली आहे.

माउझर पद्धतीच्या रायफलीत बोल्टवरचा आणि रिसीव्हरवरचा, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या भागावरचा, क्रमांक जुळतो का ते पाहा. दुर्बीण बसवायला नंतर पाडलेली भोकं, कापून आखूड केलेली नळी, दस्त्याच्या टोकाला लावलेलं रबर यातलं प्रत्येक किंमत उतरवतं. दस्त्यात अ‍ॅक्शनच्या शेपटीमागे नखाएवढी बारीक चीर शोधा. धक्क्याने ती तिथेच पडते.

पॉलिश केलेली रायफल

माझ्या मामांकडे एक बॉक्सलॉक, म्हणजे चापाची यंत्रणा पोटात असलेली, दुनळी होती. अ‍ॅक्शनवर जुन्या रंगाच्या निळ्या-तपकिरी छटा होत्या, नळ्या झिजून राखाडी झाल्या होत्या. मी तेव्हा पंचविशीत होतो. मामांना आनंद होईल म्हणून मीच ती, सगळी परवानगी घेऊन, शहरातल्या एका कारागिराकडे नव्यासारखी करायला दिली. त्याने दस्ता सँडपेपरने घासून वॉर्निश लावलं, अ‍ॅक्शनला बफ मारला आणि नळ्या उकळत्या रसायनाच्या टाकीत बुडवल्या. रायफल आरशासारखी चकाकत परत आली. पुढच्या पावसाळ्यात पट्टीखालून पांढरी भुकटी बाहेर यायला लागली. गरम खाराच्या टाकीत डाख खाल्ला जातो. दुनळीला निळाई, म्हणजे लोखंडावरचा काळा-निळा थर, द्यायची ती सावकाश गंज चढवून आणि पुसून, हे त्याला माहीत नव्हतं आणि मलाही. मामा एक शब्द बोलले नाहीत. ती रायफल आजही माझ्याकडे आहे, तिचा नाद बद्द आहे.

म्हणून पॉलिश ओळखायला शिका. खड्ड्याच्या आतही तीच काळी-निळी झिलई दिसत असेल तर निळाई नंतरची आहे. नावाच्या अक्षरांच्या कडा बोथट असतील, स्क्रूच्या भोवती पृष्ठभाग बशीसारखा खोल गेला असेल, तर बफ फिरलेला आहे. उत्तम इंग्रजी कामात स्क्रूच्या खाचा नळीच्या रेषेत एका सरळीत असतात. त्या वेड्यावाकड्या आणि कुरतडलेल्या दिसल्या तर कुणीतरी चुकीच्या पेचकसाने उघडझाप केली आहे. मूळ रंग सर्वांत जास्त टिकतो तो झाकलेल्या जागी, म्हणजे चापाच्या कड्याच्या आत आणि लिव्हरच्या खाली. तिथे पाहा.

सातारा जिल्ह्यातल्या एका घरी पाहिलेल्या .२७५ च्या अ‍ॅक्शनवर डाव्या बाजूला दोन तांबूस ठिपके होते, बोटाच्या टोकाएवढे, शेजारी शेजारी. दर खंडेनवमीला त्याच जागी ओलं गंध आणि कुंकू लागत आलं होतं. मालक संकोचून म्हणाले, “घासून देतो.” मी हात जोडून त्यांना थांबवलं. त्या घराच्या तीन पिढ्यांची बोटं तिथे उमटली होती. गंज खोल नव्हता, तेलाच्या बोळ्याने तो जागीच थांबला.

किंमत कशी काढायची

परदेशी लिलावांचे आकडे थेट रुपयांत बदलू नका. आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी शस्त्र आयात करता येत नाही. त्यामुळे इथला साठा मर्यादित आहे, आणि घेणाऱ्याकडे जागा दोनच. तिकडच्या लिलावातून घ्यायचा तो फक्त क्रम, म्हणजे कोणतं घराणं, कोणती बनावट, कोणता बोअर वर आहे ते. साइडलॉक, म्हणजे चापाची यंत्रणा बाजूच्या पट्ट्यांवर बसवलेली, दुनळी सर्वांत वर, मग चांगल्या घराण्याची बॉक्सलॉक, मग माउझर अ‍ॅक्शनवरची लंडन मॅगझिन रायफल, मग दुकानांच्या नावाच्या आणि बीएसएच्या. इथल्या व्यवहारात मात्र .३१५ पटकन विकली जाते, कारण काडतूस मिळतं आणि लोक ती संरक्षणासाठी घेतात. ती वापराची किंमत झाली. संग्राहकाने तिच्यावरून आपला हिशेब करू नये.

माझी पद्धत साधी आहे. दोन-तीन जुन्या परवानाधारक विक्रेत्यांना त्याच जातीची, मूळ स्थितीतली रायफल अलीकडे काय भावाने गेली ते विचारायचं आणि त्यातला मधला आकडा धरायचा. नळी पुन्हा निळी केलेली असेल तर त्यातून चौथाई कापतो. दस्ता नवा असेल किंवा भोकं पाडली असतील तर तेवढंच आणखी. नाद बद्द असेल तर अर्ध्यावर येतो आणि बहुतेक वेळा सोडून देतो. मूळ ओक-चामड्याची पेटी, झाकणाच्या आतलं छापील लेबल, सळया आणि पेचकस सोबत असतील तर वर जातो. वहीचा उतारा परवान्याशी जुळत असेल तर आणखी वर.

संस्थानी रायफलींबद्दल सावध राहा. दस्त्यावर शिलेखान्याचा क्रमांक किंवा सोन्यात राजचिन्ह असेल तर मोल मोठं असतं, पण “महाराजांनी वापरलेली” हे नुसतं ऐकीव असेल तर त्याला मी एक रुपयाही देत नाही. नजर तयार करायला कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमधलं शाहू संग्रहालय पाहा. खऱ्या संस्थानी शस्त्रांचं काम कसं दिसतं ते काचेपलीकडून तासभर पाहिलं की नकली नक्षी लगेच ओळखू येते.

परदेशातल्या मुलासाठी घेत असाल तर थांबा. शंभर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक मोलाच्या वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत.

घरी आणल्यावर

मुदतीत परवान्यावर नोंद करून घ्या आणि रायफल तपासणीसाठी दाखवा. नंतर ती त्या सुंदर चामडी पेटीत ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं आणि पावसाळ्यात नळीला त्याच आकाराचे डाग पडतात. पेटी वेगळी जपा. रायफल कुलूपबंद लोखंडी कपाटात ठेवा, सोबत सिलिका जेलच्या पिशव्या, आणि नळीचं तोंड खाली. तोंड वर ठेवलं तर तेल हळूहळू अ‍ॅक्शनमधून दस्त्यात उतरतं, लाकूड काळं आणि मऊ पडतं. तेल पातळ लावा, फडक्यावर दोन थेंब पुरतात. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला बाहेर काढून पुसा, आणि प्रत्येक वेळी उघड्या हाताचा घाम लागलेली जागा शेवटी पुन्हा पुसा.

खंडेनवमीला पूजा जरूर करा. गंध-कुंकू खालच्या पाटावर लावा, रायफलीवर कोरडं झेंडूचं फूल ठेवा, आणि संध्याकाळी तेही उचला.